पहिल्या तासाला सांगायचं ते

बसा.
खडू दमट आहे, अक्षर फुटेल, समजून घ्या.
मी पेडणेकर. संख्याशास्त्र. खोली नऊ.
वेंगुर्ल्यात पंखा असून नसल्यासारखा; इथं एकच चालतो.
त्याच्याखाली कोण बसणार ते तुमचं तुम्ही ठरवा,
भांडण मात्र तासाआधी मिटवा.

तास सव्वाआठला.
शिरोड्याची गाडी आठ-वीसला स्टँडवर लागते, मला ठाऊक आहे.
शिरोड्याच्या मुलांनी मागच्या दारानं यावं,
चपला न वाजवता.
बंदरावरच्यांचं घर हाकेच्या अंतरावर;
उशीर तुम्हालाच होतो, दरवर्षी, का ते देव जाणे.

मोबाईल या बिस्किटाच्या डब्यात.
कोणाच्या बापाचा ट्रॉलर आज रेंजमध्ये यायचा असेल
तर टेबलावर ठेवा, उताणा.
वाजला तर बाहेर जाऊन घ्या.
मी फळ्याकडे बघत राहीन.

जर्नल स्वतःचं.
काजूच्या चिकाचे डाग चालतील,
फॅक्टरीत आईला हातभार लावून आलेल्या बोटांचे.
शेजारच्या वहीतलं उत्तर चालणार नाही.
दोघांची चूक दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत
आपोआप जुळायची शक्यता किती,
ते मी फळ्यावर काढून दाखवू शकतो.

दहिकाल्यात रात्रभर उभा राहून कोणी आला असेल
(कानामागचा पिवळा रंग साबणानं जात नाही, मी पाहिलाय)
त्यानं खिडकीशी झोपावं. घोरू नये.
रात्री राजा होतास, इथं रोल नंबर आहेस.

प्रश्न विचारा. मालवणीत विचारा.
‘सर, ह्या खंयसून इला?’
हे मला अर्थासकट कळतं.
न कळता हलवलेली मान कळत नाही.

आता हजेरी.
पंचाहत्तर टक्के. नियम माझा नाही, विद्यापीठाचा,
असं मी पूर्वी म्हणत असे.

तीन वर्षांमागे, रोल नंबर सत्तावीस, यतीन गिरप.
नारळ पडला, होड्या सुटल्या, तो दिसेनासा झाला.
पण सत्तावीस म्हटलं की ‘हजर’ यायचं,
कधी घोगरं, कधी चिरकं,
एकदा तर मुलीच्या आवाजात.
वर्ग हसला. मी पकडलं.
मागचा बाक उभा केला, प्रामाणिकपणावर पंधरा मिनिटं बोललो
आणि सत्तावीसपुढे लाल रेघ ओढत राहिलो.

बापाचा हात विंचात सापडला होता,
होडीवर एक माणूस कमी पडत होता,
हे कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये तो परीक्षेचा फॉर्म घेऊन आला.
एकोणचाळीस टक्के.
मी गणित दोनदा केलं, दोन्ही वेळा बरोबर आलं.
‘बरां, सर’ म्हणाला आणि जिना उतरला.

आता लिलावात भेटतो.
सुरमई देताना काटा पुन्हा तपासतो,
जसा मी त्याचा टक्का तपासला होता.
पैसे पुरे घेतो. एक बांगडाही वर टाकत नाही.
ते मला बरं वाटतं,
आणि घरी येईपर्यंत बरं वाटत नाही.

तर फळ्यावर एवढंच लिहितो, खाली रेघ मारतो:
दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणू नये.
तो कुठे आहे ते सांगावं.

त्यानं टक्के वाढणार नाहीत. ते मला अजून जमलेलं नाही.
पण मी समासात लिहून ठेवीन, पेन्सिलीनं,
आणि वर्षाअखेरीस तो समास घेऊन
प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसेन.
बाकडं कठीण आहे तिथलं. असो.

चला. एक, आकेरकर.
दोन. तीन, शमा मुजावर.
चार.

चार?

खिडकीजवळून कोणीतरी, अगदी हळू:
‘सर, ती आसा. भायर आसा.
भितर येवक भिता.’

दार उघडं ठेवा.
पाच.